बरोबरीत सुटलेला डाव

स्पर्धेहून घरी परतलेल्या मुलाला आपल्याकडे बहुधा एकच प्रश्न विचारला जातो : “जिंकलास की हरलास?” या प्रश्नाची उत्तरे दोनच, असे विचारणाऱ्याने मनाशी आधीच ठरवून टाकलेले असते. बुद्धिबळ खेळून आलेल्या मुलाची येथे मोठी पंचाईत होते. तीन-साडेतीन तास तो पटासमोर खिळून बसलेला असतो, डोके शिणलेले असते, आणि एवढे करून त्याचे उत्तर या दोहोंत कोठेच बसत नाही. “डाव बरोबरीत सुटला,” असे तो चाचरत सांगतो. त्यावर वडीलधारी मंडळी म्हणतात, “म्हणजे काहीच झाले नाही तर!” आणि पेला उपडा करून ठेवावा तसा तो विषय तेथेच संपतो.

माझे मत याहून अगदी निराळे आहे. दोन तुल्यबळ खेळाडूंनी जिवापाड झुंजून बरोबरीत सोडविलेला डाव हा अपुरा राहिलेला डाव नव्हे. तो पुरा झालेला असतो, त्याचा निकालही लागलेला असतो. आज या दोघांत डावे-उजवे करता येत नाही, हाच तो निकाल होय. मात्र सगळ्याच बरोबऱ्या सारख्या मोलाच्या नसतात, हेही मी ओघात सांगणार आहे. कारण ते न सांगितल्यास माझे म्हणणे अर्धेच राहील.

आधी आपल्या भाषेतील या शब्दाकडेच पाहू. ‘बरोबर’ हा शब्द आपण किती प्रकारे वापरतो! गणिताचे उत्तर ‘बरोबर’ येते, म्हणजे अचूक येते. “माझ्याबरोबर चल” असे आपण मित्राला म्हणतो, तेव्हा त्या शब्दात सोबत असते. आणि ‘बरोबरीचा गडी’ म्हटले की त्यात योग्यता आली. बरोबरीत सुटलेल्या डावात हे तिन्ही अर्थ एकत्र नांदतात. दोघांनीही अचूक खेळावे लागते, दोघांनी शेवटपर्यंत एकमेकांची सोबत करावी लागते, आणि दोघेही एकाच तोलाचे असावे लागतात. आपल्याकडे ‘शेरास सव्वाशेर’ भेटल्याच्या गोष्टी पुष्कळ सांगतात. परंतु शेरास नेमका शेरच भेटला तर काय होते, याची गोष्ट सहसा कोणी सांगत नाही.

ती गोष्ट २०२५ सालच्या जुलै महिन्यात घडली. काळ्या समुद्राच्या काठी जॉर्जिया देशात बातुमी नावाचे शहर आहे. तेथे महिलांची विश्वचषक बुद्धिबळ स्पर्धा भरली होती. निरनिराळ्या देशांतील शंभराहून अधिक स्त्री-खेळाडू तेथे जमल्या होत्या. ही स्पर्धा बाद पद्धतीची असते. जी हरली ती घरी परतली. फेरीमागून फेरी होत अखेर दोघीच उरल्या, आणि त्या दोघीही भारतीय निघाल्या. एक आपल्या नागपूरची दिव्या देशमुख आणि दुसऱ्या आंध्र प्रदेशातील कोनेरू हंपी.

या दोघींत वयाचे अंतर बरेच होते. दिव्या एकोणीस वर्षांची, तर हंपी अडतीस वर्षांच्या. हंपी यांनी २००२ साली, पंधराव्या वर्षी, ग्रँडमास्टर हा किताब मिळविला होता. तेव्हा दिव्याचा जन्मही झालेला नव्हता. जलद बुद्धिबळाचे जगज्जेतेपदही त्यांनी २०१९ आणि २०२४ असे दोनदा जिंकलेले होते. दिव्याजवळ त्या वेळी ग्रँडमास्टर हा किताब नव्हता. कागदावर पाहिले तर ही जोड विषम वाटावी. पण पट कागद वाचीत नाही.

अंतिम फेरीतील पहिला डाव २६ जुलै रोजी झाला. पांढरी मोहरी दिव्याकडे होती. तिने जोराचा हल्ला चढविला आणि काही काळ तिची बाजू वरचढ दिसू लागली. परंतु हंपी यांनी न डगमगता बचाव केला आणि डाव बरोबरीत सुटला. दुसऱ्या दिवशी मोहऱ्यांचे रंग बदलले. आता पांढरी हंपी यांच्याकडे आणि काळी दिव्याकडे. आदल्या दिवशी जी आक्रमण करीत होती तिला आज सांभाळून खेळावे लागले. हा डावही बरोबरीत सुटला. दोन दिवस, दोन दीर्घ डाव, आणि प्रत्येकीच्या नावावर एकेक गुण! एकोणीस वर्षांच्या मुलीने जगातील एका श्रेष्ठ खेळाडूला दोन्ही रंगांची मोहरी घेऊन थोपवून धरले, आणि तितक्याच निगराणीने त्या खेळाडूनेही तिला थोपवून धरले. आपली वृत्तपत्रे व घराघरांतील मंडळी मात्र त्या दोन दिवसांत, “अजून निकाल लागलाच नाही,” असे म्हणत होती.

चषक एकच असल्यामुळे पुढे काही तरी तोड काढणे भागच होते. २८ जुलै रोजी जलद डाव खेळविण्यात आले. त्यांत प्रत्येकीला विचारासाठी अवघी पंधरा मिनिटे आणि प्रत्येक खेळीमागे दहा सेकंदांची भर मिळत असे. पहिला जलद डाव पुन्हा बरोबरीत! दुसऱ्यात काळी मोहरी घेऊन खेळणाऱ्या दिव्याने घड्याळाच्या दडपणाखाली झालेल्या चुकांचा लाभ उठविला आणि अडीच विरुद्ध दीड गुणांनी ती विश्वविजेती ठरली. त्या विजयाबरोबरच ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली. त्या दिवशी साऱ्या महाराष्ट्राला आनंद झाला, आणि तो व्हावयास हवाच होता.

परंतु त्या गुणांकडे पुन्हा एकदा पाहा. अडीच आणि दीड. चार डावांपैकी तीन डाव बरोबरीचे आहेत. दिव्याच्या अडीच गुणांपैकी दीड गुण तिने बरोबरीतूनच मिळविलेला आहे. पहिल्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कंटाळून, उतावळी होऊन तिने वेडेवाकडे धाडस केले असते, तर चौथा डाव खेळण्याची वेळच आली नसती. अर्धा अर्धा गुण वेचून तिने जी शिडी उभी केली, तिच्या वरच्या पायरीवर तो विजय होता.

आता डाव बरोबरीत सुटतो तरी कसा, ते थोडे पाहू. दोघे खेळाडू आपखुशीने बरोबरी मान्य करू शकतात, हे तुम्हांला ठाऊक असेल. तीच स्थिती पटावर तिसऱ्यांदा आली, तर खेळाडूला बरोबरी मागता येते. दोघांच्याही पन्नास पन्नास खेळ्या झाल्या आणि त्यांत एकही प्यादे हलले नाही की एकही मोहरे मारले गेले नाही, तरीही ती मागता येते. मात करण्यापुरती मोहरीच कोणाजवळ उरली नाहीत, तर प्रश्नच मिटला. या सर्वांत मला सर्वांत आवडणारा प्रकार मात्र निराळा आहे. ज्याची खेळी आहे त्याच्या राजाला शह नाही. पण त्याला एकही नियमशीर खेळी करता येत नाही. अशा वेळी डाव तत्काळ बरोबरीत सुटतो.

घरी पट असेल तर ही स्थिती मांडून पाहा. काळा राजा त्याच्या मूळच्या घरात, म्हणजे पटाच्या अगदी कडेच्या पंक्तीत उभा आहे. त्याच्या लगत समोर पांढरे प्यादे येऊन ठेपले आहे. आणखी एक पाऊल टाकले की त्याचा वजीर होईल. त्या प्याद्याच्या लगत मागे पांढरा राजा पाठराखण करीत उभा आहे. पटावर दुसरे काहीच नाही. पांढऱ्याजवळ एक शिपाई जास्त आहे. त्याचा विजय जणू दारात उभा आहे. पण खेळी काळ्याची असेल तर? काळा राजा आडवा सरकू शकत नाही, कारण दोन्ही बाजूंची घरे प्याद्याच्या माऱ्यात आहेत. तिरपा पुढे येऊ शकत नाही, कारण तेथे पांढऱ्या राजाचा पहारा आहे. प्याद्याला मारू शकत नाही, कारण त्याला राजाचा आधार आहे. आणि त्याला शहही नाही, कारण प्यादे समोर मारा करीत नाही. झाले! डाव बरोबरीत सुटला. सैन्य गमावलेला एकटा राजा केवळ योग्य क्षणी योग्य घरात उभा राहिला म्हणून अर्धा गुण घेऊन गेला. ही कृपा नव्हे. ते घर त्याने कित्येक खेळ्या आधी हेरून ठेवलेले असते.

गंमत अशी, की हा नियम सर्वकाळ असा नव्हता. अरबांच्या जुन्या शतरंजात प्रतिपक्षाच्या राजाची अशी कोंडी करणारा जिंकला असे मानीत. उलट इंग्लंडमध्ये सतराव्या-अठराव्या शतकांत अशी कोंडी करणाराच हरला असे समजत! एकाच स्थितीचे तीन निराळे न्याय. अखेर जगाने त्यांतला मधला न्याय पत्करला, आणि माझ्या मते तो सर्वांत शहाणपणाचा आहे. ज्याला मात करता आली नाही त्याला पूर्ण गुण कशासाठी द्यावयाचा?

बरोबरीचे सामर्थ्य किती असते, याचे थोर उदाहरण मॉस्कोत घडले. १९८४ सालच्या सप्टेंबरात अनातोली कार्पोव्ह आणि गॅरी कास्पारोव्ह यांच्यात जगज्जेतेपदाचा सामना सुरू झाला. जो आधी सहा डाव जिंकेल तो विजेता, असा करार होता. बरोबरीचे डाव मोजावयाचे नव्हते. कार्पोव्ह हे कसलेले जगज्जेते आणि कास्पारोव्ह एकवीस वर्षांचा तरुण. पहिल्या नऊ डावांत कार्पोव्ह यांनी चार जिंकले. आता हा तरुण दोन आठवड्यांत घरी जाणार, असेच सर्वांना वाटले. पण त्याने आपली रीत बदलली. त्याने अंगावर धावून जाण्याचे सोडून तटबंदी बांधली. त्यानंतरचे सतरा डाव ओळीने बरोबरीत सुटले! पुढे कार्पोव्ह यांनी पाचवा विजय मिळविला. आता त्यांना एकच डाव हवा होता, आणि तो एक डाव त्यांना मिळेना. पुन्हा चार बरोबऱ्या. मग बत्तिसाव्या डावात कास्पारोव्हचा पहिला विजय. मग ओळीने चौदा बरोबऱ्या. आणि त्यानंतर कास्पारोव्हचे सलग दोन विजय. अठ्ठेचाळीस डाव झाले, त्यांपैकी चाळीस बरोबरीचे होते. १९८५ सालच्या फेब्रुवारीत खेळाडू थकल्याचे कारण देऊन जागतिक संघटनेच्या अध्यक्षांनी तो सामना निकालावाचूनच थांबविला.

लोकांनी त्या सामन्याची थट्टा केली. पाच महिने खेळून निकाल नाही, असा सामना काय कामाचा? पण मला त्या चाळीस बरोबऱ्यांत एक शाळा दिसते. जगातील सर्वोत्तम गुरू समोर बसलेला आहे, तो दररोज नवे कठीण गणित घालतो आहे, आणि शिष्य ते कसेबसे सोडवून दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो आहे. १९८५ सालच्या नोव्हेंबरात, नव्या सामन्यात, बाविसाव्या वर्षी कास्पारोव्ह जगज्जेता झाला. त्याची तयारी कोठे झाली, हे निराळे सांगावयास नको.

येथे कोणी आक्षेप घेईल, की काही खेळाडू लढतच नाहीत. दहा-बारा खेळ्या करतात, हात मिळवितात आणि उठतात. हा आक्षेप खरा आहे, आणि तो मला सोळा आणे मान्य आहे. कोल्हापूरला राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले खासबाग मैदान आहे. दोन मल्ल एकमेकांचे खांदे धरून नुसते फिरत राहिले, म्हणजे कुस्तीचा शौकीन प्रेक्षक खवळतो. त्याला निकाली कुस्ती हवी असते. पण तेच दोन मल्ल डावावर प्रतिडाव टाकीत, घामाने निथळत, मातीत माखून उठले आणि पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडविली, तर तोच प्रेक्षक दोघांच्या पाठीवर थाप मारतो. प्रेक्षकाला भेद कळतो. भेद निकालात नसतो. निकालापर्यंत ते कसे पोहोचले त्यात असतो. म्हणूनच बल्गेरियातील सोफिया येथे २००५ साली भरलेल्या स्पर्धेत, खेळाडूंनी परस्पर बरोबरी ठरवू नये, पंचाला विचारल्यावाचून डाव सोडू नये, असा नियम करण्यात आला. असे नियम मला योग्य वाटतात. भीतीने किंवा आळसाने घेतलेला अर्धा गुण हा उसना आणलेला गुण होय. दोन मित्रांनी स्पर्धेआधीच संगनमत करून घेतलेली बरोबरी तर सरळ सरळ लबाडी आहे.

दुसरा एक आक्षेप अधिक खोल आहे. दोघेही चांगले खेळू लागले की सगळेच डाव बरोबरीत सुटतील, मग खेळात राम काय राहिला? तुम्ही पाटीवर फुली-गोळ्याचा खेळ खेळला असाल. दोघांना तो नीट समजला की कोणीच हरत नाही, आणि मग तो खेळ आपण सोडून देतो. चेकर्स नावाचा, याच चौसष्ट घरांच्या पटावर सोंगट्यांनी खेळावयाचा, एक जुना खेळ आहे. कॅनडातील आल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ साली संगणकाच्या साहाय्याने सिद्ध केले, की दोन्ही बाजूंनी एकही चूक झाली नाही तर तो खेळ बरोबरीतच सुटतो. बुद्धिबळाविषयी असे कोणी अद्याप सिद्ध केलेले नाही. इतके त्याचे रान अफाट आहे. परंतु उद्या तसे सिद्ध झाले, तरी मला चिंता वाटणार नाही. चूक करावयाची नाही, हे ठरविणे सोपे असते. शंभर वाटा फुटत असताना प्रत्येक वळणावर ते साधणे माणसाला कधीच सोपे जाणार नाही. २०१८ साली लंडनला मॅग्नस कार्लसन आणि फॅबियानो कारुआना यांच्यात जगज्जेतेपदाचा सामना झाला. त्यातील बाराही दीर्घ डाव बरोबरीत सुटले. त्या स्पर्धेच्या इतिहासात असे पूर्वी कधी घडले नव्हते. पुढे जलद डावांत कार्लसनने ओळीने तीन विजय मिळविले. त्याचे कौतुक झाले ते योग्यच. तथापि मला त्यात थोडी गफलत दिसते. गणिताच्या परीक्षेत दोन विद्यार्थ्यांना सारखे गुण पडले, म्हणून त्यांतला कोण भरभर पाढे म्हणतो ते पाहून पहिला क्रमांक ठरवावा, तसे हे झाले. पाढे म्हणणे हाही गुण आहे, आणि नियम दोघांनाही आधीपासून ठाऊक होता. पण मूळ परीक्षेत दोघे समान होते, हे त्यामुळे पुसले जात नाही.

जागतिक स्पर्धांना एकच विजेता लागतो, त्यांची अडचण मी समजू शकतो. आपल्या शाळांना आणि वसाहतींना ती अडचण कशासाठी असावी? ठाणे जिल्ह्यात मीरा-भाईंदर शहरात सिल्व्हर पार्क हा दाट वस्तीचा भाग आहे. उंच उंच इमारती, खाली दुकानांची रांग, रस्त्यावर वाहनांची वर्दळ. मुलांना धावण्याखेळण्यास मोकळी जागा थोडी. अशा ठिकाणी बुद्धिबळ हा खेळ वरदानच म्हणावयाचा. त्याला मैदान लागत नाही. जिन्याखालची दोन हात जागा पुरते, आणि पाऊस कितीही कोसळला तरी डाव मोडत नाही. तेथे, किंवा सांगलीस, किंवा नागपूरच्या एखाद्या गल्लीत, दोन बरोबरीची मुले वर्षभर खेळतात. त्यांपैकी एक थोडा धीट असतो, दुसरा थोडा सावध. आज हा अर्धे पाऊल पुढे, तर उद्या तो. वार्षिक स्पर्धेत दोघांचे गुण सारखे होतात. मग संयोजक घाईघाईने पाच मिनिटांचा एक डाव खेळवितात, नाही तर चक्क नाणे उडवितात, आणि एकाच्या हाती ढाल देतात. दुसरा मुलगा घरी जातो तेव्हा तो हरलेला असतो. वर्षभर जो कोणाकडून हरला नाही, तो नाण्याकडून हरतो. हा न्याय मला मुळीच रुचत नाही.

दोन मुलांनी सारखे गुण मिळविले तर दोघांनाही विजेते म्हणावे. ढाल सहा महिने एकाच्या घरी आणि सहा महिने दुसऱ्याच्या घरी ठेवावी. यात स्पर्धेची चुरस कमी होते, असे म्हणणाऱ्यांना मी आपल्या देशातीलच एक जुना दाखला देतो. भारताची पहिली राष्ट्रीय बुद्धिबळ अजिंक्यपद स्पर्धा १९५५ साली आंध्रातील एलुरू या गावी झाली. तिचे विजेतेपद महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे आणि आंध्रचे डी. वेंकय्या या दोघांना मिळून देण्यात आले. राष्ट्रीय विजेत्यांची यादी आजही कोणी काढून पाहिली, तर तिच्या पहिल्याच ओळीत, १९५५ या सालासमोर, ही दोन नावे शेजारी शेजारी लिहिलेली आढळतात.